मानाचे सात ट्रस्टी

माणूस गेला की त्याचे पत्ते वाढतात, हे ज्ञान मला वेदान्तातून नाही, टॅक्सच्या धंद्यातून मिळालं. जिवंत असताना माणूस एका राज्यात राहतो, एका राज्याला टॅक्स भरतो आणि त्याच राज्याला शिव्या देतो. गेल्यावर मात्र तो इलिनॉयमध्ये आणि कॅलिफोर्नियात एकाच वेळी राहू लागतो, आणि जॉर्जियाही मधूनच डोकावून विचारतं की आमच्याकडे यायचा विचार आहे का म्हणून.

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक बाईंनी मला सांगितलं होतं, "आता रिटायर झालात, लिहा काहीतरी. पण टॅक्सवर नको हं." मला दुसरं काही येत नाही. नवऱ्याच्या नोकरीमागे अमेरिकेत, इलिनॉयमधल्या शॉमबर्गला आले, काही वर्षं वर्क परमिटची वाट बघत घरी बसले, मग कम्युनिटी कॉलेजात टॅक्सचा कोर्स केला, परीक्षा दिली आणि चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ऑफिस थाटलं. खाली लोक चष्मा बदलायचे, वर येऊन माझ्यासमोर डोळे पुसायचे.

गिऱ्हाइकं सगळी आपलीच. एकजण कागद काजूकतलीच्या डब्यात घालून आणायचे, त्यामुळे त्यांचं रिटर्न नेहमी जरा चिकट असायचं. एकांनी देवघरातल्या गणपतीला डिपेन्डन्ट दाखवता येईल का, असं अगदी गंभीरपणे विचारलं होतं. त्यांचा मुद्दा असा की बाप्पा वर्षभर आमच्याच घरी राहतात, त्यांचा सगळा खर्च आम्ही करतो आणि त्यांना स्वतःचं उत्पन्न नाही. नियमात हे सगळं व्यवस्थित बसत होतं, अडलं ते सोशल सिक्युरिटी नंबरवर. पण अशा सगळ्या मंडळींना पुरून उरले ते भास्करकाका, आणि तेही गेल्यानंतर.

त्याआधी ट्रस्ट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. तसं ते सांगूनही वाटेलच. ट्रस्ट ही एक पेटी समजा. पेटी करणारा एक, ती सांभाळणारा दुसरा, तो ट्रस्टी, आणि तिच्यातून ज्याला मिळायचं तो तिसरा, म्हणजे लाभार्थी. पेटी करणारा जिवंत असतो तोवर हे सगळं एकच माणूस असतो आणि कुणाला काही त्रास नसतो. तो गेला की पेटी स्वतःच एक स्वतंत्र व्यक्ती होते. तिला नंबर मिळतो, तिचं वेगळं रिटर्न भरावं लागतं. आता ही व्यक्ती राहते कुठल्या राज्यात? पेटीला काही पाय नसतात, पण राज्यांना प्रश्न पडतातच. इलिनॉय विचारतं, गेलेला माणूस कुठला? कॅलिफोर्निया विचारतं, सांभाळणारा कुठे राहतो, आणि खाणारा कुठे राहतो? जॉर्जिया विचारतं, आमच्याकडे राहणाऱ्या कुणासाठी हे सांभाळताय का? लग्न जमवताना येणाऱ्या मावश्यांसारखं आहे हे. चौकशी सगळ्याच करतात, पण प्रत्येकीचा रोख निराळा.

भास्करकाका शॉमबर्गचे जुने रहिवासी. स्वभावाने इतके भिडस्त की टेलिमार्केटिंगवाल्याचा फोनसुद्धा आधी ठेवत नसत. वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांनी वकिलाकडे जाऊन ट्रस्ट केला आणि कागद मला दाखवायला मोठ्या हौसेने घेऊन आले. आपल्यानंतर सगळं काकूंसाठी, काकूंनंतर मुलांना, इथवर ठीक होतं. पुढचं पान उलटलं तर ट्रस्टी सात.

"काका, सात?" मी म्हटलं.

"अहो, कुणाला वगळू?" काका म्हणाले. "केदारला केलं तर मृणालला वाईट वाटणार. मृणालला केलं आणि जावयांना नाही केलं तर बरं दिसत नाही. जावयांना केलं तर सूनबाईंनी काय पाप केलंय? सूनबाई आल्या की व्याही आले, ते तर केदारच्याच घरी असतात. मग हिच्या भावाचा मान राहिला, तो मामा. आणि नाडकर्णी. मंडळाच्या स्थापनेपासूनचे मित्र, त्यांना कसं टाळायचं?"

म्हणजे लग्नपत्रिका छापावी तसा माणसाने ट्रस्ट छापला होता. अमेरिकन वकिलाने म्हणे तीनदा विचारलं, 'ऑल ऑफ देम?' तिन्ही वेळा काकांनी हसून मान डोलावली. मी विचारलं, "आणि काकूंचं नाव?" त्यावर काका चकितच झाले. "ती घरचीच आहे की!" पत्रिका आपल्या बायकोला कोण देतो, असा त्यांचा चेहरा होता.

वर्षभराने काका गेले. पेटी स्वतंत्र झाली आणि माझ्या टेबलावर येऊन बसली.

केदार, सूनबाई आणि व्याही हे तिघे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला. मृणाल आणि जावई जॉर्जियात, अल्फारेटाला. मामा आणि नाडकर्णी इथेच. कॅलिफोर्नियाचा नियम असा की अनेक ट्रस्टी असतील तर त्यातले जितके तिथे राहतात तितक्या वाट्यावर टॅक्स. म्हणजे शॉमबर्गच्या बँकेत पडलेल्या, शॉमबर्गच्या माणसाने शॉमबर्गच्या बाईसाठी ठेवलेल्या पैशाच्या व्याजातले सातातले तीन भाग कॅलिफोर्नियाचे रहिवासी झाले. हे मी काकूंना समजावून सांगितलं. कमलकाकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे व्याही हॉलमध्ये बसून टीव्ही बघतात त्याचा आपल्याला टॅक्स?" मी म्हटलं, "हो, जवळजवळ तसंच."

व्याह्यांनी राजीनामा दिला असता तर एक भाग तरी सुटला असता. म्हणून मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "मला काहीच नाही हो, पण भास्कररावांनी मान दिला तो मी कसा परत करू?" जावयांना विचारलं नव्हतं तरी त्यांचा फोन आला: "मावशी, व्याह्यांना रिझाइन करायला सांगितलं म्हणे. मला विचारलं नाही ते? म्हणजे मी राहिलो काय न राहिलो काय, काही फरक पडत नाही का?" आता टॅक्सच्या दृष्टीने त्यांच्या जाण्याने खरंच काही वाचत नव्हतं. पण जावयाला हे कोण सांगणार! ज्याच्याकडे राजीनामा मागितला तो रुसला आणि ज्याच्याकडे नाही मागितला तोही रुसला. मी तो नाद सोडला.

रिटर्नवर खरं तर एका ट्रस्टीची सही पुरते. पण एकाने केली की बाकीचे सहा विचारणार, त्यालाच का? त्यामुळे दर वसंतात सातही जण कामाला लागायचे. बँकेचे कागद यायचे काकूंच्या घरी, म्हणून सगळे काकूंना फोन करायचे. "आई, ते ब्राऊन एन्व्हलप आलं का?" "ताई, व्याजाचा आकडा वाचून दाखव." काकू चष्मा लावून आकडे वाचायच्या, आणि मग पलीकडून जेवलीस का वगैरे निघायचं. मी फक्त कपाळावर हात मारून तीन-तीनदा तेच कागद तपासायचे.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत काकू ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरल्या आणि मनगट मोडलं. आता त्यांनी एकटं राहायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. ड्राइव्हवेला कठडा लावावा का, यावर ट्रस्टींची चर्चा सुरू झाली. मामांचं म्हणणं लोखंडी, नाडकर्णींचं म्हणणं लाकडी, केदारचं म्हणणं जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या. चर्चा बर्फ वितळेपर्यंत चालली आणि बर्फाबरोबरच संपली. पण खरा प्रश्न उरलाच होता, आई राहणार कुठे?

आणि इथे माझा टॅक्स मध्ये आला. म्हणजे आणला गेला.

केदारचा फोन आला. "मावशी, आय वॉन्ट आई टू लिव्ह विथ अस. पण मी वाचलंय की बेनिफिशिअरी कॅलिफोर्निया रेसिडेंट झाली की उरलेला ट्रस्टसुद्धा इकडे टॅक्सेबल होतो. सो, ती इथे राहील, पण रेसिडेंट होणार नाही. असं काहीतरी करायला हवं."

"म्हणजे राहायचं, पण राहायचं नाही?"

"एक्झॅक्टली."

आठवड्याने त्याने एक ईमेल पाठवला. आईने क्युपर्टिनोत काय करायचं आणि काय नाही, याची ती नियमावली. मी ती दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. लायब्ररीचं कार्ड काढायचं नाही. देवळाच्या कुठल्याही कमिटीत जायचं नाही, भजनाला बसता येईल पण पेटी वाजवायची नाही, कारण त्यातून स्थानिक समाजाशी घट्ट नातं दिसतं. कढीपत्ता लावायचा तर कुंडीतच. जमिनीत लावला तर कायम राहण्याचा इरादा सिद्ध होतो. दातांचा डॉक्टर शॉमबर्गचाच.

"अरे, पण दात दुखला तर?" मी फोनवर विचारलं.

"देन शी फ्लाइज. नॉनस्टॉप आहे, मावशी."

मृणालचं वेगळंच. तिने आईचं वेळापत्रक करून पाठवलं, रंगीत चौकटींचं. थंडीत अल्फारेटा, उन्हाळ्यात शॉमबर्ग, मध्ये मध्ये क्युपर्टिनो. "मावशी, जॉर्जियात कायम ठेवलं तर तिथेही ट्रस्टचं रिटर्न लागतं ना? म्हणून मी तिला फिरती ठेवतेय. आमच्याकडे सासूबाई पण असतात, यू नो. टॅक्समुळे नाइलाज आहे, नाहीतर मी तिला आजच घेऊन आले असते."

टॅक्समुळे नाइलाज. दोघांच्या तोंडी तेच. माझ्या धंद्याला इतका मान मी याआधी कधी मिळालेला पाहिला नव्हता. लोक टॅक्समुळे घर विकतात, धंदा बंद करतात, एकदा तर एका जोडप्याने लग्न जानेवारीपर्यंत पुढे ढकललेलं मला माहीत आहे. पण आईला टॅक्समुळे कुंडीत ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

शेवटी झूमवर मीटिंग ठरली. रविवारची सकाळ. सातही ट्रस्टी आणि मी. काकूंना कुणी बोलावलंच नव्हतं, म्हणून मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याच स्वयंपाकघरात बसले. शेजारी काकू शेंगा सोलत बसल्या, मनगटाला अजून पट्टा होता.

पहिला बराच वेळ व्याही बोलत होते, पण कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. "अण्णा, यू आर ऑन म्यूट," केदार ओरडला. तोपर्यंत व्याह्यांचं बोलून झालं होतं. मग केदारने नियमावली वाचली. मृणालने वेळापत्रक दाखवलं. जावयांनी दोन्हींना अनुमोदन दिलं, कुणालाच वाईट वाटू नये म्हणून. मामा म्हणाले, ताई माझ्याकडे आली असती, पण आमचं अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर. नाडकर्णी झोपले होते.

कढीपत्त्यावर चर्चा आली तेव्हा काकूंनी शेंग ठेवली आणि मला विचारलं, "अगं, मी खरंच केदारकडे राहायला गेले, अगदी जमिनीत कढीपत्ता लावून, तर किती टॅक्स वाढेल?"

स्क्रीनवरचे सगळे चेहरे एकदम जवळ आले. काकू तिथे आहेत हे त्यांना तेव्हाच कळलं.

मी आदल्या दिवशीच हिशोब काढून ठेवला होता. काका आयुष्यभर शाळेत गणित शिकवणारे, ट्रस्ट काही राजेरजवाड्यांचा नव्हता. "काकू," मी म्हटलं, "दात दाखवायला तुम्ही एकदा विमानाने इकडे आलात, तर तिकिटाला जितके लागतील त्याहून कमी. वर्षाचा."

"आणि मृणालकडे गेले तर?"

"जवळजवळ काहीच नाही. एक फॉर्म जास्त भरावा लागेल, तो मी भरीन."

काकूंनी एक शेंग उचलली, सोलली, दाणे वाटीत टाकले. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "टॅक्सवर काही अडलं नव्हतंच."

मी पुष्कळ वाईट बातम्या दिल्या आहेत. ऑडिटच्या दिल्या, दंडाच्या दिल्या. पण इतकी चांगली बातमी देताना मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. टॅक्स जास्त निघाला असता तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी मला मनापासून वाटलं.

"आई, तसं नाही गं," मृणाल म्हणाली आणि रडायला लागली. केदारने नियमावलीची फाइल बंद केली. मग व्याह्यांना म्यूट काढायचं बटण सापडलं आणि ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही या. मी हॉलमध्ये झोपेन." सगळ्या मीटिंगमध्ये एवढं एकच वाक्य सरळ होतं.

"नको हो अण्णा," काकू म्हणाल्या. "तुमची पाठ दुखते. मी कुठे जात नाही, इथेच राहते. पण एक विचारते. हे तुम्ही सातजण पेटी सांभाळताय ना, मग कठडा का नाही लागला?"

नाडकर्णी जागे होऊन "लाकडीच बरा" म्हणाले.

"यात माझं नाव कुठे आहे?" काकूंनी मला विचारलं.

"तुम्ही लाभार्थी, काकू."

"म्हणजे पंगतीत बसलेली. वाढणारे सात आणि ताट रिकामं." त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. "यांनी तुम्हाला मान दिला, तो तुम्हाला पोचला. आता पुरे. माझी पेटी मी सांभाळीन."

त्या दिवशी प्रथमच सात जणांत एकमत झालं. वकिलाने कागद केले, राजीनामे आले. जावयांनी त्यांच्या राजीनाम्यात काकांबद्दलच्या आठवणींचं अख्खं पान लिहिलं होतं, ते मी वकिलाला पाठवलं नाही, काकूंना दिलं. काकू एकट्या ट्रस्टी झाल्या. पहिल्या आठवड्यात कठडा लागला, लोखंडी. बर्फ काढायला एक माणूस ठरला, आणि सकाळी चार तास मदतीला एक पोलिश बाई येऊ लागली, तिला काकूंनी थालीपीठ शिकवलं. कॅलिफोर्निया गेलं. रिटर्न उरलं फक्त इलिनॉयचं, तेही इतकं सुटसुटीत की मी ते फ्रेम करून भिंतीवर लावावं.

पुढच्या मार्चमध्ये काकू स्वतः सही करायला आल्या. तो माझा ऑफिसातला शेवटचा टॅक्स सीझन होता. जिना चढून आल्याचा त्यांना अभिमान वाटत होता. मी कागद पुढे केला, त्यांनी सही केली, आणि पेन तसंच हातात धरून बसून राहिल्या.

"झालं इतकंच?"

"इतकंच. बघा, किती सोपं झालं."

"हो. फारच सोपं झालं." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "यंदा कुणाचा फोनच आला नाही गं. ब्राऊन एन्व्हलप आलं, मीच फोडलं, मीच वाचलं. केदार रविवारी करतो दहा मिनिटं, कारमधून. मृणाल मेसेज करते, फुलांचे फोटो वगैरे. पण आकडे वाचून दाखव म्हणणारं कुणी नाही."

मी चहा मागवला. चहा अर्धा झाल्यावर त्यांनी विचारलं, "सगळ्यात जास्त प्रश्न कुठलं राज्य विचारतं?"

"कॅलिफोर्निया," मी म्हटलं. "त्यात काही वादच नाही."

"तिथला एकजण माझ्याबरोबर ट्रस्टी झाला तर?"

"अर्धा ट्रस्ट परत तिकडे जाईल, काकू. टॅक्स वाढेल. दर वर्षी दोन राज्यांचे कागद, दोघांच्या सह्या, आणि आकडे जुळवायला सतत फोनाफोनी."

"सतत?"

"सतत."

"मग केदारला करून टाक," काकू म्हणाल्या.

मी बत्तीस वर्षं लोकांचा टॅक्स कमी केला. वाढवून दिला तो हा एकच, आणि इतक्या मनापासून मी दुसरं कुठलंच काम केलं नसेल. वकिलाला वाटलं माझं डोकं फिरलं. 'बट व्हाय?' तो परत परत विचारत होता. मी म्हटलं, कल्चरल आहे.

कागद पोचले त्या दिवशी केदारचा फोन आला. "मावशी, हे काय? वी गॉट रिड ऑफ कॅलिफोर्निया! परत कसं आलं?"

"आईला विचार."

"अहो, कधीपासून ट्राय करतोय! लाइन बिझी आहे."

"असणारच," मी म्हटलं. "मृणाल असेल. तुलाच का केलं, म्हणून."